आकड्याआधी प्रश्न तपासणारे प्रशांतचंद्र महालनोबीस

भारतीय संख्याशास्त्राचे जनक म्हणून ओळखले जाणारे प्राध्यापक प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्यासमोर आलेले प्रश्न पुष्कळदा अर्धे उत्तर बरोबर घेऊनच येत. नदीचे तटबंध आणखी किती उंच करावेत, तागाखालील जमीन मोजण्यासाठी किती शेते पाहावीत, अशा स्वरूपाचे हे प्रश्न असत. काय करायचे ते विचारणाऱ्याने मनाशी ठरविलेले असे आणि संख्याशास्त्रज्ञाने केवळ आकडा पुरवावा, एवढीच त्याची अपेक्षा असे. महालनोबीस यांनी आकडा शोधण्यापूर्वी प्रश्नच तपासून पाहिला आणि आवश्यक तेथे तो बदलला. पुराचे पाणी, शेतातील पीक, दुष्काळातून वाचलेली कुटुंबे आणि सामान्य घरातील महिन्याचे धान्य या सर्वांविषयी देशाला मिळालेली माहिती त्यामुळे अधिक विश्वासार्ह झाली. त्यांच्या कार्याचा हा पैलू त्यांच्या सूत्रांइतकाच महत्त्वाचा आहे.

भौतिकशास्त्राकडून संख्याशास्त्राकडे

महालनोबीस यांचा जन्म २९ जून १८९३ रोजी कोलकाता येथे ब्राह्मो समाजाच्या परंपरेतील एका सुशिक्षित कुटुंबात झाला. ब्राह्मो बॉईज स्कूलमधील शिक्षणानंतर त्यांनी प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून १९१२ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी संपादन केली. जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे शिक्षक त्यांना येथे लाभले. पुढील वर्षी ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये दाखल झाले. श्रीनिवास रामानुजन यांच्याशी त्यांचा परिचय याच काळात झाला.

१९१५ मध्ये शिक्षण पूर्ण करून ते मायदेशी परतण्याच्या तयारीत असताना पहिल्या महायुद्धामुळे प्रवास लांबला. त्या मोकळ्या वेळात एका अध्यापकाने त्यांचे लक्ष ‘बायोमेट्रिका’ या संख्याशास्त्रविषयक नियतकालिकाच्या खंडांकडे वेधले. महालनोबीस यांनी ते सर्व खंड विकत घेतले आणि बोटीवरील प्रवासात त्यांचे वाचन सुरू केले. मोजमापांच्या साह्याने सजीवसृष्टीचा आणि समाजाचाही शास्त्रशुद्ध अभ्यास करता येतो, ही जाणीव त्यांना या वाचनातून झाली. कोलकात्यात परतल्यावर प्रेसिडेन्सी महाविद्यालयात ते भौतिकशास्त्र शिकवू लागले. मात्र फावल्या वेळातील संख्याशास्त्र हेच हळूहळू त्यांचे मुख्य कार्य बनले.

पहिली कामे साधीच होती. तत्त्वज्ञ ब्रजेंद्रनाथ शील यांच्या सूचनेवरून त्यांनी कोलकाता विद्यापीठाच्या परीक्षांच्या निकालांचे विश्लेषण केले. १९२० मध्ये नागपूर येथे भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात त्यांची भेट भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षण संस्थेचे संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल यांच्याशी झाली. कोलकात्यातील अँग्लो-इंडियन व्यक्तींची शारीरिक मापे अ‍ॅनंडेल यांच्याकडे होती. त्यांचे विश्लेषण करण्याची विनंती त्यांनी महालनोबीस यांना केली. त्यावर आधारित महालनोबीस यांचा पहिला शोधनिबंध १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

या कामातच त्यांच्या विचारपद्धतीची चुणूक दिसते. दोन समूह एकमेकांपासून वेगळे आहेत की नाहीत, असे विचारले, तर पुरेशा व्यक्तींची मापे घेतल्यावर उत्तर जवळजवळ नेहमीच होकारार्थी येते, कारण किरकोळ फरकही मोठ्या संख्येत उठून दिसतो. लंडनचे ख्यातनाम संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन वापरीत असलेल्या निर्देशांकातही ही उणीव होती. मोजलेल्या व्यक्तींची संख्या वाढली की निर्देशांकही वाढे. त्यामुळे समूह वेगळे आहेत का, या प्रश्नाऐवजी ते एकमेकांपासून किती दूर आहेत, हा प्रश्न महालनोबीस यांनी घेतला. उंची आणि हाताची लांबी यांसारखी मापे एकत्रच वाढतात, तेव्हा तीच गोष्ट दोनदा मोजली जाऊ नये, याचाही विचार त्यांनी केला. या अभ्यासाची परिणती १९३६ च्या सुप्रसिद्ध शोधनिबंधात झाली. मानववंशांच्या वर्गीकरणाची तत्कालीन भाषा आज मागे पडली आहे; तथापि ‘महालनोबीस अंतर’ या नावाने ओळखले जाणारे हे माप उपग्रहीय प्रतिमांच्या वर्गीकरणापासून यंत्रसामग्रीतील बिघाड ओळखण्यापर्यंत अनेक क्षेत्रांत वापरले जाते.

नदीचे पात्र खरोखरच वर आले होते काय?

१९२२ ते १९२६ या काळात महालनोबीस यांनी अलीपूर येथील वेधशाळेत हवामानशास्त्रज्ञ म्हणूनही काम केले. १९२२ मध्ये उत्तर बंगालमध्ये मोठा पूर आला. पुराचे पाणी अडवून धरण्यासाठी खर्चिक जलसंचय क्षेत्रे बांधावीत, असा विचार अभियंत्यांकडून पुढे आला होता. महालनोबीस यांनी १८७० पासूनच्या पावसाच्या आणि पुरांच्या नोंदी तपासल्या. पाणी कोठे अडवावे, यापेक्षा ते साचून का राहते आणि लवकर वाहून कसे जाईल, हा खरा प्रश्न असल्याचे त्यांनी दाखवून दिले. त्या भागाची गरज जलद निचऱ्याची होती, संचयाची नव्हे.

१९२६ मध्ये ओरिसातील ब्राह्मणी नदीला महापूर आला. या पुराबाबतचा अनुभव अधिक बोलका आहे. नदीचे पात्र गाळाने वर आले असून तटबंध काही फुटांनी वाढविणे हाच उपाय आहे, असे अभियंत्यांचे मत होते. तटबंध किती वाढवावेत, एवढाच प्रश्न शिल्लक राहिला होता. महालनोबीस यांनी एक पायरी मागे जाऊन पात्र खरोखरच वर आले आहे काय, हे तपासले. सुमारे ६० वर्षांच्या नोंदींचा अभ्यास केल्यावर पात्राच्या पातळीत लक्षणीय वाढ झाल्याचे आढळले नाही. पुराचे कारण वरच्या पाणलोट क्षेत्रात झालेल्या अतिवृष्टीत होते. तटबंध वाढविण्यावर होणारा मोठा खर्च चुकीच्या कारणावरील उपाय ठरला असता. वरच्या भागात धरणे बांधून पाणी नियंत्रित करावे आणि त्याचा उपयोग सिंचन व वीजनिर्मितीसाठी करावा, असे त्यांनी सुचविले. महानदीवरील हिराकूड प्रकल्पाच्या आखणीत पुढे या विचारांचा उपयोग झाला. १९५७ मध्ये या धरणाचे उद्घाटन झाले.

रुपयामागे अचूकता

प्रेसिडेन्सी महाविद्यालयातील एका खोलीत सुरू झालेल्या संख्याशास्त्रीय प्रयोगशाळेतून भारतीय संख्याशास्त्र संस्था उभी राहिली. १७ डिसेंबर १९३१ रोजी तिच्या स्थापनेचा निर्णय झाला आणि एप्रिल १९३२ मध्ये तिची नोंदणी झाली. पहिल्या वर्षी संस्थेचा खर्च अवघा काहीशे रुपये होता. १९३३ मध्ये ‘सांख्य’ हे संशोधनपर नियतकालिक सुरू झाले.

संस्थेची खरी कसोटी बंगालमधील तागाच्या पिकाने घेतली. ताग हे निर्यातीचे प्रमुख पीक होते आणि त्याच्या अंदाजावर शेतकऱ्याला मिळणारा भाव बव्हंशी अवलंबून असे. अंदाज मात्र स्थानिक कर्मचाऱ्यांच्या अदमासावर बेतलेले असत. १९३७ पासून भारतीय केंद्रीय ताग समितीच्या साह्याने महालनोबीस यांनी नमुना पाहणीचे प्रयोग हाती घेतले. प्रारंभी लहान क्षेत्रात चाचणी घ्यावी, तिच्यातील चुकांवरून पुढील वर्षाची आखणी करावी आणि मगच क्षेत्र वाढवावे, ही पद्धत त्यांनी रूढ केली.

किती शेते मोजली म्हणजे पुरे, हा नेहमीचा प्रश्न होता. महालनोबीस यांच्या मते उपलब्ध रकमेत जास्तीत जास्त अचूकता कशी मिळेल, हे विचारणे अधिक योग्य होते. या प्रश्नाचे उत्तर केवळ गणितातून मिळणारे नव्हते. त्यासाठी कर्मचाऱ्याला एका शेतापासून दुसऱ्या शेतापर्यंत चालत जाण्यास किती वेळ लागतो, नकाशावरील शेत प्रत्यक्ष शोधण्यात किती वेळ जातो आणि मोजणीस किती, याची माहिती आवश्यक होती. महालनोबीस यांनी या प्रत्येक कामाच्या वेळेची नोंद ठेवण्याची व्यवस्था केली. चिखलातून चालणाऱ्या कर्मचाऱ्याचा वेळ अशा रीतीने सूत्रात समाविष्ट झाला.

चूक कोठे होते, हा प्रश्नही त्यांनी स्वतःच्याच यंत्रणेला विचारला. एकाच प्रदेशातून स्वतंत्रपणे निवडलेले दोन नमुने दोन निरनिराळ्या पथकांकडे सोपविले जात. दोन्ही पथकांचे निष्कर्ष जुळले, तर अंदाजावर भरवसा ठेवता येई. ते दूर गेले, तर अचूकतेचा दावा करण्याआधी थांबून विचार करणे भाग पडे. आपल्या निष्कर्षातील अनिश्चितता पाहणीतूनच उघड व्हावी, अशी ही रचना होती. या कार्याची जागतिक पातळीवर दखल घेतली गेली आणि १९४५ मध्ये त्यांची लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवड झाली.

दुष्काळानंतर उरलेली माणसे

१९४३ च्या बंगालच्या भीषण दुष्काळात लक्षावधी लोक मृत्युमुखी पडले. मृतांची संख्या हा त्या काळातील सर्वांत ज्वलंत प्रश्न होता आणि त्याविषयी तीव्र वाद होते. १९४४-४५ मध्ये महालनोबीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण बंगालमध्ये १५ हजारांहून अधिक कुटुंबांची पाहणी केली. मृत्यूंबरोबरच जे वाचले त्यांचे काय झाले, याचा शोध या पाहणीत घेण्यात आला. कुटुंबाकडे आधी किती भातजमीन होती व आता किती उरली, बैल विकावे लागले काय, चरितार्थाचा व्यवसाय बदलला काय, अशी माहिती गोळा करण्यात आली.

या पाहणीच्या अंदाजानुसार दुष्काळाच्या एका वर्षात सुमारे अडीच लाख कुटुंबांनी आपली सर्व भातजमीन गमावली. ही घसरण दुष्काळापूर्वीच सुरू झाली होती आणि दुष्काळाने तिला भयंकर वेग दिला, हेही त्यातून स्पष्ट झाले. केवळ मृतांची मोजणी झाली असती, तर धान्य पुन्हा बाजारात आल्यावर संकट संपले, असा समज होणे सहज शक्य होते. जमीन आणि बैल गमावलेल्या कुटुंबासाठी मात्र ते संपलेले नव्हते. पुनर्वसनाची गरज किती मोठी आहे, हे या पाहणीच्या प्रश्नांमुळेच समोर आले.

एक आठवडा की एक महिना?

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये केंद्र सरकारने महालनोबीस यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव हे तिचे सदस्य होते. ग्रामीण भारत काय पिकवतो आणि काय खातो, याची विश्वसनीय माहितीच उपलब्ध नसल्याचे प्रकर्षाने जाणवत होते. ही उणीव दूर करण्यासाठी १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीस प्रारंभ झाला. पहिल्या फेरीत देशभरातील सुमारे १,८०० खेडी निवडण्यात आली. गोखले संस्थेनेही या फेरीच्या कामात सहभाग घेतला.

प्रश्नावली कागदावर तयार करणे सोपे होते. ती देशभर विचारणे कठीण होते. प्रत्येक प्रदेशाची भाषा वेगळी आणि वजनमापेही वेगळी होती. एकाच नावाचे माप दोन जिल्ह्यांत निरनिराळ्या वजनाचे असू शके. त्यामुळे उत्तर नोंदविण्याआधी त्या उत्तरातील माप म्हणजे नेमके किती, हे ठरवावे लागे.

याहून सूक्ष्म अडचण काळाची होती. घरात किती धान्य खाल्ले गेले, हे विचारताना गेल्या सात दिवसांचे विचारावे की गेल्या तीस दिवसांचे? जवळचे अधिक चांगले आठवते, म्हणून आठवडाच योग्य, असे कोणालाही वाटेल. पाहणीत मात्र आठवड्याच्या प्रश्नावरून काढलेला वापर महिन्याच्या प्रश्नावरून काढलेल्या वापरापेक्षा अधिक येत असल्याचे दिसले. दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असणे शक्य नव्हते. महालनोबीस यांनी तर्कावर विसंबून न राहता पश्चिम बंगालमध्ये प्रयोग करविला. काही घरांना आठवड्याचा प्रश्न विचारण्यात आला, काहींना महिन्याचा आणि काही घरांतील धान्य प्रत्यक्ष वजन करून पाहण्यात आले. वजनाशी अधिक जुळणारे उत्तर महिन्याच्या प्रश्नाचे निघाले. सात दिवसांची मर्यादा घातली की त्यापूर्वीची खरेदीही नकळत त्या आठवड्यात मोजली जाते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. या प्रयोगाचे निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तीस दिवसांचा कालावधी पुढे अनेक दशके या पाहणीत कायम राहिला.

या तपशिलाचे महत्त्व महालनोबीस यांच्या निधनानंतर सत्तावीस वर्षांनी देशाच्या लक्षात आले. १९९९-२००० च्या पाहणीत अन्नावरील खर्चाबाबत त्याच कुटुंबाला सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा असे दोन्ही प्रश्न एकत्र विचारण्यात आले. उत्तर देणारी व्यक्ती दोन्ही आकडे परस्परांशी जुळवून सांगते आणि त्यामुळे वापर फुगतो, असा आक्षेप अनेक अर्थतज्ज्ञांनी घेतला. त्या पाहणीनुसार दारिद्र्यरेषेखालील लोकसंख्येचे प्रमाण १९९३-९४ मधील सुमारे ३६ टक्क्यांवरून सुमारे २६ टक्क्यांवर आले होते. यातील किती घट प्रत्यक्षातील आणि किती प्रश्नाच्या रचनेमुळे, यावर प्रदीर्घ वाद झाला. कोट्यवधी लोकांची गणना गरिबांत व्हावी की नाही, हे काही अंशी प्रश्नावलीतील एका रकान्यावर अवलंबून असल्याचे त्यातून दिसून आले.

मतभेद आणि मर्यादा

महालनोबीस यांच्या पद्धतींनाही आव्हान मिळाले. पिकाचे उत्पादन अजमावण्यासाठी ते शेतात लहान वर्तुळाकार तुकडा कापून वजन करण्याच्या पद्धतीचे पुरस्कर्ते होते. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी त्यावर आक्षेप घेतला. तुकडा लहान असेल तर कडेवरील रोपे आत धरली जाण्याची प्रवृत्ती वाढते आणि उत्पादन प्रत्यक्षापेक्षा अधिक दिसते, असे त्यांनी १९४६ मध्ये मांडले. हे काम महसूल खात्याच्या कर्मचाऱ्यांकडून मोठ्या खंडांवर करून घ्यावे, असे त्यांचे मत होते. महालनोबीस यांचा भर खास प्रशिक्षित अन्वेषकांवर होता. दोघांतील हा मतभेद कटू झाला. तथापि पीक-कापणी प्रयोगांत पुढे मोठ्या खंडांची पद्धतच देशात रूढ झाली.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या संदर्भातील वाद अधिक व्यापक होता. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या विनंतीवरून महालनोबीस यांनी मार्च १९५५ मध्ये या योजनेचा आराखडा सादर केला. गुंतवणुकीचा किती भाग यंत्रनिर्मिती करणाऱ्या अवजड उद्योगांकडे वळविल्यास दीर्घकाळात देशाचे उत्पन्न वेगाने वाढेल, हा त्यांच्या प्रतिमानाचा मध्यवर्ती प्रश्न होता. त्या चौकटीत उत्तर सुसंगत होते. मात्र मुंबई विद्यापीठातील सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी १९५६ मध्ये चौकटीबाहेर राहिलेल्या प्रश्नाकडे लक्ष वेधले. कारखान्यात काम करणाऱ्या मजुराला लागणारे धान्य आणि कापड कोठून येणार, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. परकीय व्यापाराला प्रतिमानात फारसे स्थान नव्हते. १९५७ मध्ये परकीय चलनाचे संकट उद्भवले आणि धान्याच्या आयातीवरील अवलंबन वाढले, तेव्हा या टीकेचे गांभीर्य जाणवले. देशात पोलाद व अवजड यंत्रांच्या उद्योगांचा पाया या योजनेने घातला, हेही तितकेच खरे आहे.

नदीच्या पात्राबाबत अभियंत्यांचे गृहीतक ज्याने तपासले, त्याच संख्याशास्त्रज्ञाच्या आराखड्यातील गृहीतके तपासण्याचे काम येथे इतरांना करावे लागले. महालनोबीस यांच्या कार्यपद्धतीशी हे विसंगत नव्हते. एका पथकाचे निष्कर्ष दुसऱ्या स्वतंत्र पथकाच्या निष्कर्षांशी ताडून पाहावेत, हा त्यांचाच नियम होता. पाहणीच्या यंत्रणेत त्यांनी तो कटाक्षाने पाळला. राष्ट्रीय नियोजनात मात्र विरोधी मताला तेवढे स्थान मिळाले नाही.

अखेरची वर्षे

१९५५ ते १९६७ या काळात महालनोबीस यांचा नियोजन आयोगाशी सदस्य म्हणून संबंध होता. भारतातील पहिला अंकीय संगणक त्यांच्याच प्रयत्नांनी १९५० च्या दशकात भारतीय संख्याशास्त्र संस्थेत आला. १९५९ मध्ये संसदेने कायदा करून या संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता दिली. १९६८ मध्ये त्यांना पद्मविभूषण किताबाने गौरविण्यात आले. २८ जून १९७२ रोजी, ७९ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कोलकाता येथे त्यांचे निधन झाले.

२००७ पासून त्यांचा जन्मदिन २९ जून हा राष्ट्रीय संख्याशास्त्र दिन म्हणून साजरा केला जातो. राष्ट्रीय नमुना पाहणीचे कामकाज २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयात समाविष्ट करण्यात आले. अन्वेषकांच्या हातात आता कागदी तक्त्यांऐवजी टॅब्लेट संगणक आले आहेत. गेल्या महिन्यात घरात काय शिजले, हे मात्र आजही दारात उभे राहून माणसालाच विचारावे लागते आणि तो प्रश्न कोणत्या शब्दांत, किती दिवसांच्या मर्यादेत विचारावा, यावर तज्ज्ञांचा काथ्याकूट अद्याप सुरूच असतो.